जमिनीवरचा नाखवा

गाडीत बसताना चपला बाहेर काढून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, दांड्याचा धर्मा नाखवा.

खारदांड्याच्या नाक्यावर तेव्हा माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, चार खांब, वर पत्रे आणि खाली एक खड्डा. पावसाळ्यात त्या खड्ड्यात बेडूक राहायचे. नव्या छोट्या गाड्या नुकत्याच रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या, पण त्या माझ्याकडे कशाला येतायत. माझ्याकडे यायच्या त्या म्हाताऱ्या, दमेकरी, मालकांनी कंटाळून विकून टाकलेल्या. तसलीच एक निळी गाडी ढकलत एक दिवस दोघेजण आले. मागून जोर लावणारा पंचविशीचा दांडगा पोरगा. आणि पुढे, दारातून हात घालून स्टिअरिंग धरलेला, डोक्याला लाल टोपी, अंगात बंडी, कमरेला रुमाल नेसलेला हा म्हातारा.

"मेस्तरी, हिला बघ रं. पानी टाकते."

मी बॉनेट उघडलं. वॉटर पंप गळत होता. हे काही मोठं दुखणं नाही. इंजिनाभोवती पाणी फिरवणारा पंप असतो, त्याच्या आतलं सील झिजलं की थेंब थेंब पाणी जातं. मी म्हटलं, पंप बदलावा लागेल, गाडी ठेवून जा, संध्याकाळी या. पोरगा निघाला. म्हातारा हलेना. खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला आणि म्हणाला, "तू कर. मी बघतंय."

मी तोंडाचा फटकळ. मालवणचा माणूस, आमच्याकडे प्रेमानं बोललेलंही लोकांना भांडण वाटतं. कामाच्या वेळी डोक्यावर बसलेलं गिऱ्हाईक तर मला अजिबात खपत नाही. पण ह्याला हाकलता येईना, कारण हा एक शब्द बोलत नव्हता. मी रेडिएटरचं पाणी खाली सोडलं तर हा घमेलं घेऊन धावला आणि सगळं पाणी त्यात धरलं. मी पट्टा सैल केला, फॅन काढला, बोल्ट खोलले, जुना पंप बाहेर काढून जुनं पॅकिंग पात्यानं खरवडलं. हा बघतोय. नवा पंप खोक्यातून काढला तेव्हा मात्र त्यानं हात पुढे केला. उलटासुलटा करून पाहिला आणि पंपाच्या खालच्या अंगाला जे एक बारीक भोक असतं त्यावर बोट ठेवलं.

"हे कशाला?"

"सील गेलं की पाणी इथून बाहेर पडतं. आपल्याला कळावं म्हणून."

"म्हनजे बुडतंय हे सांगायला भोक ठेवलंय?"

"तसंच समज."

"येडा हाय बनवनारा," तो म्हणाला आणि पंप माझ्या हातात दिला. मला हसू आलं. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

नाखवा म्हणजे बोटीचा मालक आणि ती दर्यावर नेणारा तांडेल, दोन्ही. ह्याच्याकडे बोट नव्हती. ती का नव्हती हे मला त्याची बायको जानाबाय हिनं सांगितलं. ती खारच्या बाजारात मासे विकायची आणि परत जाताना कधीतरी माझ्या स्टुलावर टेकून पाणी प्यायची. ह्यांचा थोरला मुलगा हरेश्वर. मोसम संपता संपता, बोटी वर ओढायच्या आधीच्या शेवटच्या फेरीला गेला आणि वादळ झालं. बोट सापडली, तो नाही सापडला. बापानं किनाऱ्यावर दिवसचे दिवस काढले. मग एका सकाळी उठून बोट विकली, जाळी विकली, आणि अंधेरीच्या एका म्हाताऱ्या पारशाकडून ही निळी गाडी आणली. भाड्यानं चालवायची, धाकट्या वासूनं चालवायची, आणि वासूनं दर्यावर पाऊल ठेवायचं नाही.

"बोट विकताना मना कोनी विचारला?" जानाबाय म्हणायची. "मी त्या डब्यात मरेन पन बसनार नाय."

आणि वासू? वासूला गाडी म्हणजे शिक्षा वाटायची. दर्याचं वेड त्याच्या अंगातच होतं. मोसमात बोटी परतायच्या वेळी हा गाडी नाक्यावर उभी करून किनाऱ्याकडे पळायचा. शेवटी बापलेकांचा एक करार झाला. तो मला दोघांनीही, वेगवेगळ्या दिवशी, अगदी सारख्या शब्दांत सांगितला. गाडी चालते आणि घर चालवते तोवर वासू जमिनीवर. गाडी बसली की वासू मोकळा.

हे ऐकल्यावर माझी पंचाईत झाली. आधी ती गाडी होती. आता तिचा प्रत्येक आवाज ऐकला की मला म्हाताऱ्याचं तोंड दिसायला लागलं.

नाखव्याला गाडी चालवता यायची नाही, पण गाडी त्याच्याशिवाय हलायची नाही. वासू स्टिअरिंगवर आणि हा डावीकडे, मांडी घालून. वळणावर हात बाहेर काढून वारा बघायचा. सिग्नलवर गाडी थांबली की अस्वस्थ व्हायचा, म्हणायचा, चालत्याला उगा उभं करू नये. बॉनेटला तो बॉनेट कधी म्हणालाच नाही, नाळ म्हणायचा, होडीचं पुढचं टोक असतं ते. आणि चपलांचा नियम सगळ्यांना सारखा. होडीत वहाणा चालत नाहीत तर हिच्यात कशा चालतील.

एकदा मुलुंडहून अंधेरीला लग्नाचं भाडं मिळालं. वरबाप सुटाबुटात. नाखव्यानं त्याला बूट काढायला लावले. लग्नघाईत कोण वाद घालतो, त्यानं काढले. नाखव्यानं ते बूट उचलले, मुलुंडच्या फुटपाथवर भिंतीला टेकवून नीट जोडीनं ठेवले आणि गाडीत येऊन बसला. दर्यावर जाताना वहाणा किनाऱ्यावरच ठेवायच्या, परत येताना घालायच्या, ही आयुष्यभराची सवय. ते बूट बरोबर न्यायचे असतात हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. अंधेरीच्या हॉलवर वरबाप मोज्यांवर उतरला. वासूनं मला हे सांगितलं तेव्हा तो हसून हसून खाली बसला होता, आणि मग उठून त्यानं पँट झटकली. म्हणाला, "हसतो मी, पण मेस्तरी, माझी वाट लागलीय. लोक दुसऱ्यांदा बोलवत नाहीत रे. बाबाला घरी ठेवला तर धंदा होईल. पण घरी ठेवला तर तो दिवसभर भिंतीकडे बघत बसतो."

त्या साली नारळी पौर्णिमेला सगळा दांडा नटूनथटून किनाऱ्यावर चालला होता, आणि नाखवा गाडी घेऊन माझ्याकडे आला. बॉनेटला अबोलीचा गजरा, हळद, कुंकू. त्यानं नारळ फोडला आणि रेडिएटरचं झाकण उघडून नारळाचं पाणी आत ओतायला निघाला. मी हात धरला. म्हटलं, "अरे बाबा, गोड पाणी आहे ते, आत चिकटून बसेल. मारशील तिला." तो माझ्याकडे बघत राहिला.

"दर्याला देतो आपन," तो म्हणाला, "म्हनून तो पोरं परत देतो. हिला काय द्यायचा?"

"साधं पाणी दे. रोज सकाळी बघून दे."

"बस?"

"बस."

त्याला ते पटलं नाही. एवढ्यावर भागतं ह्यावर त्याचा विश्वासच बसेना. ते पाणी त्यानं मग चारी चाकांवर थोडं थोडं शिंपडलं. मी करू दिलं, चाकांना काय होतंय.

काही महिन्यांनी गाडी परत आली. पंपाच्या आत खरखर. नवा बसवलेला पंप इतक्या लवकर बोलायला नको होता. मी खोलला. पाहतो तर खालचं ते भोक बंद. कापूस तेलात भिजवून, राळ लावून, इतकं बेमालूम बुजवलेलं की बोट फिरवलं तरी कळू नये. होडीच्या फळ्यांच्या फटी अशा बुजवतात.

"हे कोणी केलं?"

"मी," नाखवा म्हणाला. चक्क खूश होऊन. "थेंब येत होता. एक थेंब येत नाय आता."

मी डोकं धरलं. मग त्याला समोर बसवून, जुना पंप फोडून दाखवला. हे बघ, हे बेअरिंग, ह्यावर पंप फिरतो. सील गेलं की पाणी ह्याच्याकडे येणार. भोक उघडं असलं तर ते बाहेर पडतं, बेअरिंग वाचतं. भोक बुजवलंस तर पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन काढतं, आणि एक दिवस ते जागच्या जागी अडकतं. थेंब पडला तर पडू दे. पाणी भरत राहा. थेंबानं गाडी मरत नाही, भोक बुजवल्यानं मरते. कळलं?

"कळला."

"काय कळलं?"

"भोकाला हात लावायचा नाय."

वासू बाजूला उभा राहून ऐकत होता. नाखव्यानं तो फोडलेला पंप हातात घेतला. मग म्हणाला, "होडीत पानी आत आयला की मरन. हिच्यात बाहेर गेला की मरन. मना उलटा शिकाय लागतंय सगला, मेस्तरी. ह्या वयात." त्या दिवशी मला त्याची खरोखर दया आली. मी पुन्हा नवा पंप बसवला आणि चहा मागवला.

पुढे उन्हाळ्यात त्यांना चांगलं काम मिळायची वेळ आली. अंधेरीच्या कारखानदारीच्या भागातल्या एका कंपनीला साहेबासाठी महिन्याच्या बोलीवर गाडी हवी होती. घाटकोपरहून साहेबाला आणायचं, संध्याकाळी सोडायचं. बांधलेलं काम, घर व्यवस्थित चालेल असं. साहेबाचा माणूस येऊन गाडी बघून गेला. चपलांचा नियम वासूनं बापाच्या पाया पडून मागे घ्यायला लावला. इतकंच नाही, साहेबाच्या गाडीत दुसरं कोणी नको म्हणून नाखव्यानं घरी राहायचं कबूल केलं. वासूनं पांढरा शर्ट शिवून घेतला. जानाबायनं मला पापलेट आणून दिलं आणि म्हणाली, "जमला तर जमला. म्हातारा रातचा झोपेल तरी." वासूचं तोंड मात्र काम मिळालेल्या माणसासारखं नव्हतं. तरी मला म्हणाला, "ठीक आहे यार. बाबासाठी."

आणि नेमका तेव्हाच पंप पुन्हा ठिबकायला लागला. बाजारात पंप मिळायचा तो असलाच. मी नाखव्याला म्हटलं, मी चांगला पंप सांगून ठेवलाय, यायला थोडे दिवस लागतील. तोवर काही बिघडत नाही. सकाळी आणि दुपारी पाणी भरा. भोकाला हात लावू नको. त्यानं मान हलवली.

त्यानंतर नाखवा माझ्याकडे फिरकला नाही. एकदा निरोप पाठवला की पंप नको, गळती आपोआप थांबली. दुसऱ्यांदा वासू नाक्यावरून जाताना मी हात केला. तो ओरडून म्हणाला, "झकास चाललीय मेस्तरी, एक थेंब नाही." मी ओरडलो, तरी आणून दाखव. तो म्हणाला, रविवारी आणतो.

रविवार यायच्या आधीच ते झालं. घाटकोपरहून येताना, साहेब मागच्या सीटवर, साकीनाक्याच्या चढावर पंप अडकला. बेअरिंग तुटलं, फॅन निसटून रेडिएटरमध्ये घुसला. इंजिनातलं सगळं पाणी रस्त्यावर. मागे गाड्यांची रांग, हॉर्न, आणि मागच्या सीटवरून साहेब ओरडतोय, मीटिंग आहे, थांबू नको, घे कडेला तरी. वासूनं चढ संपेपर्यंत गाडी तशीच ओढली. बिनपाण्याचं इंजिन मरायला तेवढं पुरलं. साहेब रिक्षा करून गेला तो गेला. त्याच संध्याकाळी टेम्पोला दोर बांधून वासूनं गाडी माझ्या शेडमध्ये आणली. नाखवा टेम्पोच्या पुढून चालत आला. वासूला त्यानं वाटेत कुठे गाठलं होतं कुणास ठाऊक.

मी आधी इंजिन पाहिलं. इंजिनाचं वरचं झाकण, हेड, तापून वाकलं होतं, आणि खाली ब्लॉकला तडा. मग पंप काढला. मला माहीत होतं काय दिसणार ते, तरी काढला. भोकात कापूस आणि राळ, वरून ग्रीस फासून लपवलेलं.

वासूनं माझ्या हातातून पंप घेतला. त्यानं ते भोक बघितलं, बापाकडे बघितलं. मला वाटलं आता हा ओरडणार. मीच ओरडणार होतो, शिवी अगदी ओठांवर आली होती. पण नाखवा असा उभा होता की शिवी घशातच राहिली.

"साहेब रोज बसनार होता हिच्यात," तो म्हणाला. "खाली डाग दिसला असता. बोलला असता, गलकी गाडी हाय, नको. मी बोललो, एक महिना जाऊ दे. काम लागू दे. मग काढतो." पंपाकडे बोट करून म्हणाला, "रोज सकाली बघत होतो मेस्तरी. एक थेंब येत नव्हता."

त्यानं पंप वासूच्या हातातून काढून माझ्यापुढे धरला.

"नीट होईल ना? सांग त्याला, नीट होईल."

मी सांगू शकलो नाही. तसली तडा गेलेली गाडी उभी करायची तर दुसरं इंजिनच घालावं लागलं असतं, आणि ती ताकद त्या घरात नव्हती हे मला आणि त्यांना दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "नाही रे नाखवा. गेली ती."

त्यानं खड्ड्याच्या काठावर बसकण मारली. वासू मला शेडच्या मागे घेऊन गेला. मला वाटलं, सुटलो म्हणेल. तो म्हणाला, "मेस्तरी, काही जुगाड नाही होणार? जुनं इंजिन, कुठून तरी? मी चालवतो रे. कितीही वर्षं चालवतो." त्याचे डोळे भरले होते. ज्या पोराला गाडी नको होती तोच गाडीसाठी माझ्याकडे भीक मागत होता. मी कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे फिरलो, ओळखी काढल्या. चार ठिकाणी विचारलं. जमलं नाही. शेवटी गाडी पत्र्याच्या भावानं गेली, आणि न्यायला आलेल्या माणसाला नाखव्यानं आत पाय ठेवण्याआधी चपला काढायला सांगितल्या. त्या माणसानं काढल्याही.

पुढचा पावसाळा नाखवा माझ्याकडे येऊन बसायचा. काम बघायचा. कोणाची गाडी गळत असली की उठून लांब जायचा. वासूनं काय ठरवलंय ते त्यानं विचारलं नाही आणि वासूनं सांगितलं नाही. करार करारासारखा होता. पण मला जानाबाय म्हणाली, करार गेला चुलीत, घरात खायला पाहिजे ना, आणि त्याला दुसरा काय येतंय. एका ओळखीच्या नाखव्याच्या बोटीवर वासूनं खलाशी म्हणून नाव दिलं.

नारळी पौर्णिमा होऊन बोटी निघाल्या त्या सकाळी मी शेड उघडली नाही, किनाऱ्यावर गेलो. माझं तिथे काय काम होतं, मलाही सांगता आलं नसतं. जानाबाय गुडघाभर पाण्यात उभी राहून वासूच्या हातात डबा देत होती. नाखवा कुठे दिसेना. मग दिसला. जाळी ठेवायच्या खोपटाच्या कुडाला तोंड करून, दर्याकडे पाठ करून उभा होता. मी जाऊन बाजूला उभा राहिलो.

"मेस्तरी, तू आयलास. बरा झाला." त्यानं मान वळवली नाही. "निघाली?"

"निघाली."

"थोरला दिसेनासा होईपर्यंत मी बघत होतो. ह्या टायमाला नाय बघनार. तू बघ. दिसते तवर सांग मना."

मी बघायला लागलो. वासू मागच्या बाजूला उभा होता, त्यानं हात वर केला. कोणाला ते मला कळलं नाही. मीही हात वर केला.

"दिसते?"

"दिसते."

बोटी पुढे पुढे गेल्या, एकमेकींत मिसळल्या. मग वासूची कुठली ते मला ओळखू येईना. मग नुसते ठिपके, आणि मग ते पण नाहीत.

"दिसते?"

"दिसते."

जानाबाय पाण्यातून वर आली. लुगड्याचा काठ पिळत तिनं आमचं बोलणं ऐकलं. एकदा मोकळ्या दर्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि बाजाराच्या वाटेला लागली.

"अजून दिसते?"

"अजून दिसते रे," मी म्हटलं, आणि ऊन चांगलं वर येईपर्यंत तेच सांगत राहिलो.